वहिनींच्या चुका

बुजगावण्याला पापण्या लावायच्या, हा निरोप घेऊन भाऊजी जिना उतरून खाली आले, तेव्हा वहिनी एका चिमणीला मान खाजवायला लावत होत्या. चिमणी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. तिला डाव्या पायाने मान खाजवायची होती आणि खाजवता खाजवता फांदीवरचा तोल जाऊ द्यायचा होता, पण अर्धाच. पूर्ण गेला की विनोद होतो आणि अजिबात गेला नाही की ती खेळण्यातली चिमणी होते.

"कुणाला लावायच्या?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"बुजगावण्याला."

"काय?"

"पापण्या. दोन. डोळे दोन आहेत ना त्याला?"

"डोळे नाहीत, भाऊजी. बटणं आहेत. एक कोटाचं आणि एक उशीच्या अभ्र्याचं. बटणाला पापणी लावायची म्हणजे टकलाचा भांग पाडायचा."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर होयबा बसला होता. तो हसला नाही. त्याला कुणी हस म्हटलं नव्हतं.

होयबाचं खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल तर असेल. स्टुडिओत आल्यापासून त्याच्या तोंडून कुणी 'नाही' ऐकलं नव्हतं. म्हणतात की लग्न ठरायच्या आधी त्याच्या बायकोने त्याला विचारलं, "मी तुम्हाला आवडले नाही ना?" हा म्हणाला, "होय." आणि तरी लग्न झालं, कारण पुढचाच प्रश्न होता, "मग करायचं का लग्न?"

वहिनींनी चिमणी तशीच एका पायावर सोडली आणि वळून बसल्या. भाऊजी दोन पावलं मागे सरकले. वहिनींचा राग त्या गल्लीत प्रसिद्ध होता. तो चढला की टेबलावरचा गार चहा पुन्हा वाफाळायचा आणि भिंतीवरची पाल बिऱ्हाड उचलून शेजारच्या खोलीत जायची. एकदा तर पलीकडच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्याची इस्त्री वीज गेलेली असताना तापली होती. ज्याला खोटं वाटत असेल त्याने त्या इस्त्रीवाल्याला विचारावं. तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

"हे कुणाचं डोकं?" वहिनी म्हणाल्या.

"मोठे पाहुणे वर बसलेत. त्यांची सूचना आहे."

"सूचना की हुकूम?"

"चहा घेतायत," भाऊजी म्हणाले. हे काही उत्तर नव्हतं, पण वहिनींना ते कळलं.

त्या घराची रचनाच तशी होती. खाली स्टुडिओ, वर बिऱ्हाड. दोघा भावांनी मिळून उभं केलेलं. थोरला चित्रं काढायचा आणि धाकटा माणसं गाठायचा. थोरल्याने त्या जुन्या बुजगावण्याच्या गोष्टीवर अॅनिमेशनचा चित्रपट काढायला घेतला, आणि तो अर्ध्यावर असताना एके दिवशी हातातला ब्रश पाण्यात बुडवता बुडवता तो गेला. तेव्हापासून त्याची बायको दिग्दर्शक आणि त्याचा भाऊ निर्माता. धाकट्याच्या नात्याने ती सगळ्या स्टुडिओची वहिनी, आणि वहिनींच्या नात्याने तो सगळ्यांचा भाऊजी.

गोष्ट लहानथोर सगळ्यांना पाठ. एक शेत असतं. शेतकरी कुठे गेला कुणाला माहीत नाही, मागे बुजगावणं ठेवून गेला. पक्षी दाण्यांवरून भांडत असतात. जो राजा होईल तो खाऊन टाकेल, म्हणून राजा ठरत नाही. शेवटी घुबड म्हणतं, ज्याला पोटच नाही त्याला राजा करा. तो खाणार कसा? झालं, बुजगावणं राजा. घुबड त्याच्या खांद्यावर बसतं आणि रोज सांगतं, "राजे म्हणतात, अमुक दाणे इकडे आणा. राजे म्हणतात, तमुक पक्षी गप्प बसा." दाणे राजाच्या मडक्यात जातात, मडक्यातून घुबडाच्या पोटात, आणि पक्षी उपाशीपोटी शेताची राखण करतात. मग एक शिंपीण, म्हणजे पानं शिवून घरटं करते ती एवढीशी पाखरी, राजाचा फाटलेला कोट शिवायला जाते. भोकातून आत बघते आणि ओरडते, "आत कोणीच नाही! नुसता पेंढा आहे!" सगळं शेत स्तब्ध. आणि घुबड शांतपणे म्हणतं, "राजे म्हणतात, हे खोटं आहे."

एवढंच. इथे गोष्ट संपते. पुढे काय झालं ते लेखकाने लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती, कारण पुढचं त्याच्या दारात आलं. त्याला पकडून नेलं आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात दात उरले नव्हते.

या धंद्यात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. दगड काढा, त्याला दोन डोळे काढा, तो दगडच राहतो. पण त्याची पापणी एकदा लववा. बघणाऱ्याला लगेच वाटतं, आत कोणीतरी आहे.

म्हणून वहिनींना राग आला होता. पापणीचा प्रश्न नव्हताच. ज्या गोष्टीचा सगळा जीव 'आत कोणीच नाही' या तीन शब्दांत होता, तिला हे लोक म्हणत होते, आत कोणीतरी घाला.

वहिनी दोन दोन पायऱ्या चढत वर गेल्या.

मोठे पाहुणे सोफ्याच्या मधोमध बसले होते. चित्रपटाला पैसा त्यांचा होता आणि शहराच्या चौकाचौकांत फोटोही त्यांचेच होते. दोन्ही हात आडवे पसरून, जणू साऱ्या गावाला कवेत घेतायत, असे इमारतीएवढे फोटो. कावळे त्यांच्यावर बसत. ते पाहुण्यांना कळत नसे, कारण ते त्या बाजूने जात नसत.

"या, या, वहिनी," ते म्हणाले. "फारच सुंदर काम. लहानपणी वाचली होती आम्ही ही गोष्ट. फक्त एक विचारायचं होतं. याचे हात असे का दाखवलेत?"

"बुजगावण्याचे हात असेच असतात."

"नाही, म्हणजे... असेच?"

"आडव्या काठीला कोट अडकवला की असेच होतात. तुम्हाला दुसरं कुणी आठवलं का?"

भाऊजींना चहाचा ठसका लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर पौर्णिमा होती.

पाहुणे हसले. तोंड हसलं. वरच्या भागाला काही कळवलं गेलं नव्हतं. "शेवट जरा कडू आहे हो. लोक दिवसभर राबून थिएटरात येतात. त्यांना आशा हवी. शिंपीण ओरडते, ठीक. पण मग राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर? त्याची पापणी लवते. एक थेंब. आणि तो म्हणतो, 'माझं चुकलं.' मग सगळे मिळून गाणं. आवाजासाठी मी मोठा नट बघितलाय."

"बुजगावणं बोलत नाही."

"आपण बोलायला लावू."

"लेखकाने..."

"लेखक गेले," पाहुणे कप खाली ठेवत म्हणाले. "आपण आहोत. आणि आत कोणीच नाही, हे कसं शक्य आहे, वहिनी? प्रत्येकाच्या आत कोणीतरी असतंच."

"तुमच्या आत कोण आहे?"

खोलीत एवढी शांतता झाली की खाली होयबाने खुर्ची सरकवली ती ऐकू आली. पाहुणे उठले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात." भाऊजींनी तो हात खांद्यावरून उतरेपर्यंत श्वास घेतला नाही.

पाहुण्यांची गाडी गेली आणि इकडे तोफा सुटल्या.

"तुमच्या आत कोण आहे?" भाऊजी ओरडले. "अहो, कुणाला विचारताय हे? उद्या त्यांनी हात आखडला तर खाली कुलूप लागेल. एवढी माणसं आहेत, त्यांच्या चुली तुमच्या तत्त्वांवर पेटणार आहेत का?"

"तुमच्या दादांनी त्या लेखकाच्या लेकीला शब्द दिलाय. तिची एकच अट होती. बुजगावण्याला जिवंत करू नका. आठवतंय?"

"दादाने शब्द दिला! दादाचं बरं होतं. शब्द द्यायचा दादाने आणि निस्तरायचं मी. लहानपणापासून हेच. काच फोडायची त्याने आणि माफी मागायला मी."

"आज ते असते तर तुमच्या कानाखाली आवाज काढला असता."

"असता तर! नाहीये ना तो? मी आहे. दारोदार फिरतोय, वहिनी. लोक मला खुर्चीसुद्धा देत नाहीत, उभं ठेवतात. हा एक माणूस मिळाला."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच वहिनींच्या रागात आणखी तेल पडलं. खोट्याशी भांडता येतं. घाबरलेल्या माणसाच्या खऱ्याशी भांडताना आपलाच हात भाजतो.

"मी पापणी लावणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग दुसरं कोणी लावेल."

"मग माझं नाव काढा त्याच्यावरून."

"काढतो!"

भाऊजी ताडताड खाली गेले. राग वहिनींचा होता, पण संसर्गजन्य होता. स्टुडिओच्या दारातूनच ते होयबावर बरसले. "हे बघ. शेवटचा प्रसंग आजपासून तू करायचास. राजाला पापण्या लाव, आसवं लाव, काय लागेल ते लाव. आणि वहिनींच्या त्यात जेवढ्या चुका आहेत तेवढ्या सगळ्या काढून टाक. एक ठेवू नकोस."

"होय."

"आणि वहिनींचं नाव काढ."

"होय," होयबा म्हणाला.

आता चुका म्हणजे भाऊजींच्या मनात काय होतं? वहिनी खोडसाळ होत्या. राज्याभिषेकाच्या प्रसंगात एक कावळा राजाच्या डोक्यावर शिटायचा. घुबडाच्या बोटात पाहुण्यांच्या अंगठीसारखी अंगठी होती. भाऊजींना ती घाण काढायची होती.

पण त्या स्टुडिओत 'वहिनींच्या चुका' या शब्दांना एक वेगळाच अर्थ होता, आणि भाऊजी आयुष्यभर माणसं गाठण्यात गुंतल्यामुळे तो त्यांच्या कानावरच पडला नव्हता.

शेवटच्या प्रसंगात हजार पक्षी होते. हजार पक्ष्यांचे डोळे कोण वेगवेगळे करत बसणार? म्हणून पापणी एकच बनवलेली, आणि तीच कॉम्प्युटरने सगळ्यांना वाटलेली. एकाची लवली की हजारांची लवायची. थोरल्याने ते पहिल्यांदा पडद्यावर लावलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हा थवा नाही, ही कवायत आहे." आणि त्या कामाला लागल्या. एकेका पक्ष्याच्या आत शिरून त्यांनी त्याला चुकायला शिकवलं. याची पापणी उशिरा, त्याची लवकर. एकाला डुलकी, एकीच्या डोळ्यात कुसळ. एक साळुंकी मुळातच अवलक्षणी, ती राजाकडे न बघता शेजारणीच्या शेपटीकडे बघते. थोरल्याने ते बघितलं आणि पोट धरून हसला. "केवढ्या चुका करून ठेवल्यास गं!" "चुका आहेत म्हणून पक्षी आहेत," वहिनी म्हणाल्या. तेव्हा त्याने कॉम्प्युटरमध्ये त्या सगळ्या कामाचा एक वेगळा थर केला आणि चेष्टेने त्यावर नाव टाकलं, 'वहिनींच्या चुका'. ते नाव तसंच राहिलं. माणूस गेला तरी त्याची चेष्टा रोज सकाळी पडद्यावर उघडायची.

होयबाने तो थर शोधला. शोधायला काही लागलं नाही, नावच लिहिलं होतं. आणि सांगितल्याप्रमाणे काढून टाकला.

वहिनी त्या वेळी लेखकाच्या लेकीच्या दारात उभ्या होत्या.

ती आता म्हातारी झाली होती, पण पाठीत वाक नाही. जन्मभर शाळेत मुलांना कवायत शिकवलेली. गळ्यात अजून शिट्टी होती. दूधवाल्याला हाक मारायची असली तरी ती शिट्टी वाजवी, आणि म्हणतात की दूधवाला सावधान होऊनच दूध घाली.

"मावशी, मी आमचा शब्द मोडायला आलेय," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे मी मोडला नाही. पण मोडला गेलाय. त्यांनी बुजगावण्याला पापण्या लावल्या."

मावशींनी त्यांना आत घेतलं आणि दार लावलं. मग म्हणाल्या, "बाबांना कोर्टात विचारलं होतं, बुजगावणं म्हणजे नक्की कोण? बाबा म्हणाले, साहेब, मला पकडून आणायला ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा, त्यांनी ओळखलंय." त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "दाखवणार कधी आहेत?"

"परवा दुपारी. पाहुणे, त्यांची माणसं, आणि आम्ही."

"मी येते. बघते. ते जिवंत झालेलं दिसलं की उभी राहीन आणि ही वाजवीन. परवानगी परत घेतली, सगळ्यांच्या देखत. मग दाखवा कुठे दाखवायचाय तो."

"स्टुडिओ बंद पडेल, मावशी."

"बाबांचे दात पडले," मावशी म्हणाल्या. "तुला वाईट वाटतंय?"

"मला राग येतोय."

"मग ठीक आहे. वाईट वाटणारी माणसं कामाची नसतात."

ठरलेली दुपार आली. छोटंसं थिएटर, लाल खुर्च्या, काही खुर्च्यांचे हात तुटलेले. पाहुणे पहिल्या रांगेत मधोमध, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांची माणसं. भाऊजी त्यांच्या मागे, घाम पुसत. होयबा चित्रपट लावायच्या खोलीत. वहिनी अगदी शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून, आणि त्यांच्या शेजारी मावशी, ओठांपासून वीतभर अंतरावर शिट्टी धरून.

चित्रपट सुरू झाला. शेत आलं, भांडणं आली. राज्याभिषेकाचा कावळा शिटलाच. भाऊजींनी डोळे मिटले, पण पाहुण्यांचं तेव्हा फोनकडे लक्ष होतं. घुबड "राजे म्हणतात" म्हणायला लागलं. थवा हडकत गेला. वहिनींना प्रत्येक पीस ओळखीचं होतं.

शेवटचा प्रसंग आला. शिंपीण उडत उडत राजाच्या कोटाशी गेली. चोचीत दोरा. भोकातून आत डोकावली, थबकली, वळली आणि आपल्या एवढ्याशा छातीतून ओरडली, "आत कोणीच नाही!"

शेत स्तब्ध. बुजगावणं पडदाभर. मावशींनी शिट्टी ओठांना लावली.

बुजगावण्याची पापणी लवली.

आणि हजार पक्ष्यांची पापणी लवली.

एकाच वेळी. कावळे, साळुंक्या, बगळे, पारवे, सगळे. जणू सगळ्या शेताला एकच डोळा होता आणि तो मिटून उघडला. एकच पापणी सगळ्यांना वाटलेली होती, तीच होयबाने राजाला लावली होती, आणि आता त्या पापणीचा मालक बुजगावणं होतं. मध्ये चुकायला कोणी उरलं नव्हतं. वहिनींची डुलकी घेणारी पारवी टक्क जागी होती. अवलक्षणी साळुंकी समोर बघत होती. मान खाजवणारी चिमणी दोन्ही पायांवर ताठ उभी होती.

 वहिनींच्या आत जे पेटलं, त्याने त्यांना खुर्चीतून अर्धं उचललं.

पापणी पुन्हा लवली. हजारांची लवली. बुजगावण्याच्या बटणाखालून एक थेंब ओघळला, आणि हजार डोळ्यांतून तेवढाच थेंब, तेवढ्याच वेगाने ओघळला. "माझं चुकलं," मोठ्या नटाचा गहिवरलेला आवाज आला. गाणं सुरू झालं. पाखरं उडाली, गिरक्या घेत उडाली, आणि उडता उडता राजाबरोबर डोळे मिटत राहिली. शेवटी पडद्यावर जवळून शिंपीण आली. जी ओरडली होती तीच. तिने प्रेक्षकांकडे बघितलं. लांब तिकडे राजाची पापणी लवली, आणि इथे तिची.

सांगणारे सांगतात, आणि त्यात तिखटमीठ किती ते ज्याचं त्याने ठरवावं, की पहिल्या रांगेतली पाहुण्यांची माणसंही तोपर्यंत त्या तालावर डोळे मिटायला लागली होती. ओळीने, एकदम. वहिनींनी मात्र आपले डोळे पाणी येईपर्यंत सताड उघडे ठेवले.

अंधारातच भाऊजींनी मागच्या खोलीचं दार गाठलं. "अरे, हे काय झालं? हे सगळे एकदम काय...?"

"चुका काढल्या," होयबा म्हणाला.

"कुठल्या चुका? कावळा तर तसाच शिटतोय!"

"'वहिनींच्या चुका' असं लिहिलेलं होतं, भाऊजी. तेवढ्या सगळ्या काढल्या. तुम्ही म्हणालात, एक ठेवू नकोस."

भाऊजी दाराच्या चौकटीला टेकले. तेवढ्यात दिवे लागले आणि पहिल्या रांगेतून टाळी आली. मग सगळी रांग टाळ्या वाजवू लागली.

पाहुणे दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. "वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात एकजूट! राजाला वाईट वाटलं, तर प्रत्येकाला वाईट वाटलं. एक पक्षी इकडचा तिकडे नाही. काय शिस्त! हेच सांगायचं असतं हो लोकांना."

"त्यात जरा एक तांत्रिक चूक..." भाऊजी पुढे येत म्हणाले. "दोन दिवसांत दुरुस्त करून..."

"दुरुस्त?" पाहुण्यांनी पसरलेले हात तसेच ठेवले. "एक पापणीसुद्धा हलवायची नाही. असाच जाऊ दे. गावोगाव जाऊ दे."

वहिनी उभ्या होत्या. आता काही गुपित राहिलं नव्हतं. एक शब्द बोलायचा अवकाश होता: अहो शहाणे, हे तुमचं कौतुक नाही, तुमच्या पोटात काय आहे त्याची ही चित्रफीत आहे. तो शब्द बोलला की उद्या पहाटे त्यांची पारवी परत डुलकी घेणार होती, साळुंकी परत अवलक्षणी होणार होती. हजार पाखरं परत जिवंत. आणि त्यांच्यामध्ये एक जिवंत, रडवा, भला राजा. सगळं खरं, आणि म्हणून सगळंच खोटं.

आणि बोलल्या नाहीत तर? तर त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामातलं एक पीसही कुणाला दिसणार नव्हतं. नवऱ्याची चेष्टाही नाही.

त्यांनी शेजारी बघितलं. मावशींनी शिट्टी ओठांवरून कधी खाली घेतली होती ते त्यांना कळलंच नव्हतं.

"मी जन्मभर कवायत घेतली," मावशी हळूच म्हणाल्या. "हजार पोरांत एक तरी चुकायचंच. मी वरून ओरडायचे, पण त्या एकाच्या जोरावर मला रात्री झोप लागायची." त्यांनी रिकाम्या पडद्याकडे बघितलं. "ते जिवंत नाही झालं. बाकीचे मेले. बाबांचा शेवट याच्यापुढे फारच मवाळ होता गं."

"म्हणजे वाजवणार नाही?"

"तू ठरव. पाखरं तुझी होती."

वहिनींनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते काही न बोलता मिटलं. राग गिळणं म्हणजे काय असतं ते ज्याने जिवंत निखारा गिळलाय त्यालाच विचारावं. त्या खाली बसल्या, आणि खुर्चीचा उरलेला हात त्यांच्या मुठीत मोडला.

पाहुणे जाताना त्यांच्यापाशी थांबले. "पटलं ना शेवटी, वहिनी?"

"अगदी," वहिनी दातांवर दात ठेवून म्हणाल्या. "आत कोण आहे ते दिसलं."

पाहुणे खूश होऊन गेले.

थिएटर रिकामं झालं. भाऊजी पहिल्या रांगेत डोकं धरून बसले. स्टुडिओ वाचला होता. त्यांना कशाने वाचला हे कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. मागून होयबा रिळाचा डबा काखेत मारल्यासारखा आपला जेवणाचा डबा काखेत मारून आला.

"श्रेयनामावलीत माझी जागा कोरी का होती?" वहिनींनी विचारलं.

"भाऊजी म्हणाले, वहिनींचं नाव काढ." होयबाने मावशींकडे, मग पडद्याकडे बघितलं. "काढलं."

मावशी फस्सकन हसल्या. "काढलंस बाबा. पोटच्या पोरानेही असं नाव काढलं नसतं."

वहिनी हसल्या नाहीत. त्या होयबाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या, एवढ्या जवळ की त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. "तुमचे दादा तो थर करत होते तेव्हा तू शेजारच्याच खुर्चीवर होतास. चुका म्हणजे काय, ते तुला माहीत होतं. होय की नाही?"

होयबाने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला.

"नाही," तो म्हणाला.

भाऊजींनी डोकं वर केलं. मावशींच्या गळ्यातली शिट्टी छातीवर आपटली. त्या लाल खुर्च्यांनीही इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. आणि होयबा डबा सावरत, कुणी थांब म्हणायच्या आत, दाराबाहेर पडला.

वहिनी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिल्या. रागाने.